एकच रिपोर्ट, दोन उत्तरं

सिंधुदुर्गात पावसाळा आला की भातलावणीबरोबर लेप्टोच्या तापाची (लेप्टोस्पायरोसिस) धास्तीही येते. समजा, लेप्टोची एक चाचणी शंभर रुग्णांतल्या नव्वदांना पकडते आणि लेप्टो नसलेल्या शंभरांतल्या दहांना उगाच पॉझिटिव्ह ठरवते. तापाच्या हजार माणसांत खरे रुग्ण वीसच असतील, तर? त्यांतले 18 सापडतील. पण उरलेल्या 980 पैकी 98 जणही पॉझिटिव्ह! म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या शंभरांत लेप्टो असलेले जेमतेम सोळा.

आता चिखलात उतरून लावणी केलेली तापाची हजार माणसं घ्या, त्यांत 300 रुग्ण धरा. 270 खरे, 70 खोटे. तोच रिपोर्ट आता शंभरात 79 वेळा खरा! चाचणीत तसूभर बदल नाही. मग फरक कशात? रिपोर्टआधी आपल्याला जे ठाऊक होतं, त्यात.

या विचाराचं मूळ थॉमस बेझ या इंग्लिश धर्मोपदेशकाकडे जातं. तो 1761 मध्ये वारला. त्याचे कागद मित्र रिचर्ड प्राइसने 1763 मध्ये छापून आणले. पुढे हॅरोल्ड जेफ्रीजनी 1939 मध्ये याच वाटेवरचा मोठा ग्रंथ लिहिला. पृथ्वीचा बाहेरचा गाभा द्रवरूप आहे हे ओळखणारे तेच हे जेफ्रीज! आणि त्यांच्या हाताखाली केंब्रिजला शिकले कोण? आपला घाट चढला की लागणाऱ्या कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार. त्यांनीच पुढे पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभा केला.

तेव्हा केंब्रिज गाठावं लागे. आज ओरोसला बसून हे फुकट शिकता येतं. अ‍ॅलन डाउनी यांचं ‘थिंक बेझ’ हे पुस्तक नेटवर मोफत आहे. त्यातल्या पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या छोट्या ओळी ब्राउझरमध्येच चालतात. थोडं प्रोग्रॅमिंग येत असेल तर इथूनच सुरुवात करा.

नसेल, तर आधी यूट्यूबवर रिचर्ड मॅकएलरेथ यांची ‘स्टॅटिस्टिकल रीथिंकिंग’ ही व्याख्यानं लावा. व्याख्यानं इंग्रजीत आहेत, पण कल्पना काय सुरेख! पृथ्वीचा किती भाग पाण्याखाली आहे? फुगवलेला पृथ्वीगोल हवेत उडवा, झेला, बोटाखाली पाणी आलं की जमीन तेवढं टिपा. बस्स! पहिल्या झेलाला पाणी आलं, की ‘पृथ्वीवर पाणीच नाही’ ही शक्यता जागच्या जागी बाद. जमीन आली, की ‘सगळं पाणीच’ हीही बाद. नऊ झेलांत सहा वेळा पाणी आलं, तर पाण्याचा वाटा किती, याच्या शक्यतांच्या आलेखाला 67 टक्क्यांजवळ टेकाड येतं. खरं उत्तर सुमारे 71!

हे टेकाड बरंच पसरट असतं, आणि आपली खात्री अजून किती कच्ची आहे ते हा पसरटपणाच सांगतो. झेल वाढवत जा, टेकाड अरुंद आणि उंच होत जातं. प्रत्येक झेलानंतरचा आलेख हीच पुढच्या झेलाची सुरुवात. आणि गंमत म्हणजे तेच नऊ झेल उलटसुलट क्रमाने आले असते, तरी शेवटचा आलेख अगदी हाच निघाला असता!