वाचनपाठ आणि गावाचे पाणी

वरच्या प्राथमिक वर्गांत वाचनाचा तास बहुधा पाठाखालील प्रश्नांची उत्तरे उतरवून घेण्यात संपतो. बऱ्हाणपूर जिल्ह्यातील धूलकोटसारख्या गावी त्यास निराळे वळण देता येईल. पाठ्यविषय जवळच आहे: अब्दुल रहीम खानखानाच्या काळी, इ. स. १६१५ च्या सुमारास बऱ्हाणपुरात बांधलेला कुंडी भंडारा. सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारे पाणी भुयारात गोळा होऊन केवळ उताराच्या बळावर शहरात जाई. भुयारावरील कुंड्यांतून हवा खेळे. खाली उतरून गाळही काढता येई.

‘गाळ’ या शब्दापाशी शिक्षकांनी थांबावे. तो कोण काढी? न काढल्यास काय होई? उत्तरासाठी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना, घरच्याच बोलीत विचारावे. मग गावच्या विहिरीतील पाण्याची पातळी दरमहा मोजून तारखेसह वहीत नोंदवावी. (दोर अर्थातच मोठ्यांनी सोडावा.)

२०२२ साली जिल्ह्यातील सर्व गावांत घरोघरी नळाचे पाणी पोहोचल्याचे प्रमाणित झाले. नळ आला की विहिरीकडे पाहणे सुटते, म्हणूनच ही नोंद हवी. हिवरे बाजारची ग्रामसभा पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडते व पिके त्यावरून ठरवते. धूलकोटच्या मुलांनीही आपली वही केळीच्या लागवडीपूर्वी ग्रामसभेत वाचून दाखवावी.