बाळाची कावीळ दोन आठवड्यांवर गेली तर…

बाळ दोन-तीन दिवसांचे झाले की त्याचे डोळे व चेहरा पिवळसर दिसू लागतो. घरातली जाणती बाई म्हणते, "घाबरू नको पोरी, सगळ्याच लेकरांना होते." तिचे म्हणणे बरेचसे खरे आहे. जन्मानंतर बाळाच्या रक्तातील तांबड्या पेशी मोडतात आणि त्यातून बिलिरुबिन हा पिवळा पदार्थ तयार होतो. तो बाहेर टाकायला कोवळ्या यकृताला, म्हणजे लिव्हरला, काही दिवस लागतात. पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांची ही कावीळ दोन आठवड्यांत उतरते.

पण जी कावीळ पहिल्या २४ तासांतच दिसते, तळहात-तळपायांपर्यंत पसरते किंवा १४ दिवसांनंतरही राहते, तिला 'होतेच' म्हणून सोडू नये.

रिपोर्टमधले आकडे

डॉक्टर रक्त तपासतात, तेव्हा कागदावर एसजीपीटी, एसजीओटी अशी नावे येतात. ही लिव्हरच्या पेशींमधील एन्झाइम्स होत. पेशींना इजा झाली की ती रक्तात उतरतात आणि आकडा वाढतो. मात्र एसजीओटी स्नायूंत व तांबड्या पेशींतही असते. बाळंतपण कठीण झाले असेल किंवा रक्त घेताना पेशी फुटल्या असतील, तरी ते वाढलेले दिसते. अल्कलाइन फॉस्फटेज वाढत्या हाडांतूनही येते. जीजीटी तर निरोगी नवजात बाळातही मोठ्या माणसाच्या कितीतरी पट असते. म्हणून मोठ्यांच्या आकड्यांशी तुलना करून घाबरू नये.

उलट, एन्झाइम्स थोडीच वाढली म्हणून निर्धास्तही राहू नये. कावीळ लांबली असेल तर 'डायरेक्ट बिलिरुबिन' तपासले का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. ते १ मिलिग्रॅमच्या वर असेल तर पित्ताचा प्रवाह अडल्याची शंका येते.

कारणे कोणती?

रक्तातील जंतुसंसर्ग, गरोदरपणी आईकडून आलेला संसर्ग, जन्मताना प्राणवायू कमी पडणे, शिरेतून बरेच दिवस दिलेले पोषण, थायरॉइडची कमतरता, दुधातील साखर न पचवणारा गॅलॅक्टोसेमियासारखा जन्मजात दोष, अशी अनेक कारणे आहेत.

यांत वेळेची सर्वांत मोठी घाई असते ती पित्तनलिका बंद असण्याच्या आजारात. त्याला बिलिअरी अट्रेसिया म्हणतात. पित्त आतच साचते आणि लिव्हर निकामी होत जाते. फसगत अशी की सुरुवातीला हे बाळ दूध पिते, खेळते, वजनही धरते. जपानचे शल्यचिकित्सक मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात यावर शस्त्रक्रिया शोधली. ती बाळ ६० दिवसांचे होण्यापूर्वी झाली तर यशाची शक्यता अधिक असते. उशीर झाला तर पुढे लिव्हर बदलण्याचीच वेळ येऊ शकते.

आईने काय पाहावे?

* शी: पिवळी, हिरवट असेल तर ठीक. पांढरट, चुन्यासारखी किंवा फिकट मातीच्या रंगाची असेल तर धोका. तैवानमध्ये २००४ पासून शीच्या रंगांचे कार्ड देशभर आईच्या हाती दिले जाते, ते याचसाठी.
* लघवी: तान्ह्या बाळाची लघवी जवळपास पाण्यासारखी असते. लंगोटावर गडद पिवळा डाग पडत असेल तर दाखवावे.
* पोट फुगणे, बेंबीतून वा नाकातून रक्त येणे, बाळ मलूल होणे, दूध न ओढणे, वारंवार उलट्या, झटके: यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

काय करावे, काय टाळावे?

गळ्यात दोरा बांधणे, झाडपाल्याचा रस पाजणे, कावीळ उतरवून घेणे यांनी बंद नलिका उघडत नाही. उन्हात धरल्यानेही उघडत नाही. यात जातात ते मोलाचे दिवस. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अंगावरचे दूध मात्र तोडू नये.

दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. चौदाव्या दिवशी त्यांना बाळाचे डोळे आणि शीचा लंगोट दोन्ही दाखवा. खर्चाच्या भीतीने थांबू नका. २०११ साली सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळाची तपासणी व औषधे सरकारी रुग्णालयात मोफत आहेत.

तेव्हा भगिनींनो, बाळ चौदा दिवसांचे झाले की त्याला उजेडात घेऊन डोळे नीट पाहा. पिवळे दिसले तर 'आणखी आठ दिवस पाहू' असे म्हणू नका. दुसऱ्याच दिवशी बाळाला घेऊन निघा.