वापरलेल्या डीटीएच सेट-टॉप बॉक्सची जोडणी व सक्रियीकरण

वापरलेला डीटीएच सेट-टॉप बॉक्स म्हणजे उपग्रहावरून थेट घरी येणारे दूरचित्रवाणी प्रक्षेपण ग्रहण करणारा आणि एका ग्राहकाकडून दुसऱ्याकडे आलेला संच होय. भारतात असा संच पुन्हा वापरात आणताना दोन स्वतंत्र बाबी पूर्ण व्हाव्या लागतात. पहिली, उपग्रहाचा संकेत संचापर्यंत पोहोचणे. दुसरी, तो संकेत उलगडण्याचा अधिकार संचाला मिळणे. पहिली बाब छत्रीच्या (डिश अँटेनाच्या) दिशेवर, तर दुसरी सेवा पुरवठादाराकडील नोंदीवर अवलंबून असते. त्यामुळे संच सुस्थितीत असूनही केवळ नोंदीअभावी निरुपयोगी ठरू शकतो.

पार्श्वभूमी

भारतात खासगी डीटीएच सेवेची सुरुवात इ.स. २००३ मध्ये डिश टीव्हीने केली. प्रसार भारतीची 'डीडी डायरेक्ट प्लस' ही निःशुल्क सेवा १६ डिसेंबर २००४ रोजी सुरू झाली. तीच पुढे 'डीडी फ्री डिश' या नावाने ओळखली जाऊ लागली. टाटा स्काय (इ.स. २०२२ पासून टाटा प्ले) इ.स. २००६ मध्ये, तर एअरटेल डिजिटल टीव्ही इ.स. २००८ मध्ये सुरू झाली. सशुल्क सेवांमध्ये प्रत्येक कंपनीचा संच, व्ह्यूइंग कार्ड व कूटबद्धीकरणाची पद्धत वेगळी असल्याने एका कंपनीचा संच व्यवहारात दुसऱ्या कंपनीसाठी उपयोगी पडत नाही.

कार्यपद्धती

भारतातील डीटीएच सेवा केयू बँडमध्ये चालते. छत्रीवर पडणाऱ्या लहरी परावर्तित होऊन तिच्या पुढे बसवलेल्या एलएनबी या भागात एकवटतात. एलएनबी त्यांची वारंवारता कमी करतो. उदाहरणार्थ, ११,०९० मेगाहर्ट्झच्या संकेतातून ९,७५० मेगाहर्ट्झ वजा होऊन १,३४० मेगाहर्ट्झचा संकेत केबलमधून संचाकडे येतो. एलएनबीला लागणारी वीज संच त्याच केबलमधून पुरवतो. १३ व १८ व्होल्ट यांपैकी कोणता दाब दिला आहे, त्यावरून उभे किंवा आडवे ध्रुवीकरण निवडले जाते.

खरेदीपूर्व पडताळणी

वापरलेला संच घेण्यापूर्वी पुढील बाबी तपासणे आवश्यक असते.

• मालकी : भाडेतत्त्वावर दिलेला संच कंपनीच्या मालकीचा असतो, ग्राहकाला तो विकता येत नाही.
• नोंदणी : संचाचा क्रमांक व व्ह्यूइंग कार्डाचा क्रमांक एकाच ग्राहक खात्याशी जोडलेले असावे लागतात. दुसऱ्या संचाचे कार्ड घातल्यास वाहिन्या सहसा उघडत नाहीत.
• थकबाकी : जुन्या खात्यावर देणे बाकी असल्यास हस्तांतरणात अडचण येऊ शकते.
• तंत्र : केवळ एमपीईजी-२ पद्धतीचा जुना संच एमपीईजी-४ पद्धतीने प्रसारित होणाऱ्या वाहिन्या दाखवू शकत नाही.
• साहित्य : मूळ अडॅप्टर, रिमोट व केबलचे सांधे सुस्थितीत असावेत. अडॅप्टरवरील व्होल्टचा आकडा संचावरील आकड्याशी जुळला पाहिजे.

'आजीवन मोफत' अशा दाव्याने विकला जाणारा संच केवळ कूटबद्ध नसलेल्या वाहिन्यांपुरताच मोफत असतो. सशुल्क वाहिन्यांच्या किल्ल्या काही सेकंदांच्या अंतराने बदलत असल्याने विक्रेत्याने एकदाच काही करून त्या कायमच्या खुल्या होत नाहीत.

छत्रीची दिशा

सेवा बदलल्यास छत्रीची दिशाही बहुधा बदलावी लागते, कारण या सेवांचे भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर वेगवेगळ्या रेखांशांवर आहेत. टाटा प्ले ८३° पूर्व, डीडी फ्री डिश ९३.५° पूर्व, डिश टीव्ही ९५° पूर्व, तर एअरटेल १०८.२° पूर्व येथील उपग्रह वापरते. फ्री डिशचे प्रक्षेपण ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून होते, तो नोव्हेंबर २०१५ मध्ये अवकाशात सोडण्यात आला.

दिगंश म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलेला कोन आणि उन्नतांश म्हणजे क्षितिजापासूनची कोनीय उंची. ९३.५° पूर्व येथील उपग्रहासाठी मुंबईत दिगंश सुमारे १३१° व उन्नतांश सुमारे ५७°, तर नागपुरात अनुक्रमे सुमारे १४४° व ६०° असतो. म्हणजेच महाराष्ट्रात फ्री डिशची छत्री आग्नेयेकडे वळवावी लागते आणि त्या दिशेला झाड किंवा इमारतीचा अडसर चालत नाही. घरगुती छत्रीत एलएनबी मध्यभागापासून खाली सरकवलेला असल्यामुळे छत्री प्रत्यक्ष कोनापेक्षा अधिक उभी दिसते. म्हणून कोन लावताना तिच्या पाठीमागील पट्टीवरील खुणा पाहाव्या लागतात.

संचाच्या पडद्यावर संकेताचे बळ व संकेताचा दर्जा असे दोन आकडे दिसतात. योग्य उपग्रह सापडला नसला तरी बळाचा आकडा दिसू शकतो. दर्जा मात्र योग्य संकेत मिळाल्यावरच वाढतो. त्यामुळे छत्री अगदी थोडी थोडी हलवून, प्रत्येक वेळी काही क्षण थांबून, दर्जाचा आकडा सर्वाधिक होईल तेथे नटबोल्ट घट्ट केले जातात. मुसळधार पावसात केयू बँडच्या लहरी क्षीण होऊन चित्र गोठते. हा संचाचा दोष नसतो.

सक्रियीकरण

डीडी फ्री डिशच्या कूटबद्ध नसलेल्या वाहिन्यांसाठी मासिक शुल्क अथवा खाते लागत नाही. डीडी सह्याद्री ही मराठी वाहिनीही या सेवेवर उपलब्ध आहे. संकेत मिळाल्यावर वाहिन्यांचा शोध घेतला की संच वापरण्यास तयार होतो.

सशुल्क सेवेत मूळ ग्राहकाच्या संमतीने खाते नव्या व्यक्तीच्या नावे करून घ्यावे लागते. त्यानंतर वाहिन्या निवडून रिचार्ज केले जाते. कंपनी पाहण्याचा अधिकार देणारा संदेश तारेने नव्हे, तर उपग्रहामार्फतच पाठवते. संच त्या वेळी चालू असेल आणि छत्री योग्य दिशेला असेल, तरच तो संदेश संचाला मिळतो. दीर्घकाळ बंद राहिलेल्या संचातील अधिकाराची मुदत संपलेली असते. अशा वेळी रिचार्ज करूनही वाहिन्या दिसत नाहीत व पैसे वाया गेल्याचा समज होतो. संच चालू ठेवून कंपनीकडून संदेश पुन्हा पाठवण्याची विनंती केल्यास ही अडचण बहुधा दूर होते.

आंतरपरिचालनक्षमता

डीटीएच परवान्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत, एका कंपनीचा संच दुसऱ्या कंपनीच्या सेवेसाठी वापरता यावा, अशी खुल्या रचनेची अट आहे. प्रत्यक्षात कंपन्यांच्या कूटबद्धीकरण पद्धती व आज्ञावली भिन्न असल्याने ग्राहकांना तिचा लाभ झालेला नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) एप्रिल २०२० मध्ये सर्व सेट-टॉप बॉक्स परस्परांच्या सेवांसाठी वापरण्याजोगे असावेत, अशी शिफारस माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे केली. संच कंपनीशी बांधलेला राहिल्यास सेवा बदलणाऱ्या ग्राहकाला नव्या संचाचा खर्च करावा लागतो, चालू स्थितीतील जुना संच अडगळीत पडतो आणि इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात भर पडते.