करडी झालेली गाणी

आमच्या अण्णांकडे एक वही आहे. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची. घरातल्या भावगीतांच्या आणि नाट्यपदांच्या कॅसेटींची ती नोंदवही. प्रत्येक कॅसेटला क्रमांक आणि पुढे चार रकाने : गीत, कवी, संगीतकार, गायक. कॅसेट प्लेअर बिघडला आणि तो दुरुस्त करणारा मिळेना, तेव्हा मी त्यांच्या फोनवर गाणी ऐकवणारे एक ॲप घातले. चार संध्याकाळी बसून वहीतली ११२ गाणी शोधली आणि त्यांची यादी करून दिली. अण्णा खूश झाले.

वर्षभराने त्यांचा फोन आला. "अरे, यादीतली काही गाणी करडी दिसतायत. बोट लावलं तरी वाजत नाहीत." मी मोजली, तर नऊ होती. पुढच्या दिवाळीपर्यंत सतरा झाली. नंतर त्यांतली पाच परत आली, पण एक वेगळ्याच गायकाच्या आवाजात. अण्णांनी विचारले, "गाणी जातात तरी कुठे?" या साध्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. ते शोधण्यासाठी मी या व्यवसायातल्या सर्वांत मोठ्या सेवेचा, स्पॉटिफायचा, प्रवास वाचायला घेतला.

स्पॉटिफाय ही स्वीडनमधली कंपनी. डॅनियल एक आणि मार्टिन लोरेंट्सॉन यांनी २००६ साली स्टॉकहोममध्ये ती स्थापन केली आणि ऑक्टोबर २००८ मध्ये युरोपातल्या मोजक्या देशांत सेवा सुरू झाली. चोरून गाणी उतरवून घेण्याचा तो काळ होता आणि त्यासाठी गाजलेले 'पायरेट बे' हे संकेतस्थळही स्वीडनचेच. चोरीपेक्षा सोपी आणि कायदेशीर अशी सोय द्यायची, ही मूळ कल्पना. सुरुवातीचे स्पॉटिफाय एखाद्या ग्रंथालयासारखे होते. शोधायची एक चौकट, खाली गाण्यांची यादी. काय ऐकायचे ते तुम्हाला ठाऊक आहे, असे ते गृहीत धरत असे. गाणी पोहोचवण्यासाठी श्रोत्यांच्याच संगणकांचे जाळे वापरले जाई. ही पद्धत कंपनीने २०१४ मध्ये सोडून दिली.

पण ग्रंथालयाची पुस्तके ग्रंथालयाच्या मालकीची असतात. इथली गाणी सेवेच्या मालकीची नसतात, ती करारावर आणलेली असतात. करारही एक नसतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क एकाकडे, शब्दांचा आणि चालीचा दुसऱ्याकडे. प्रत्येक कराराला मुदत असते आणि देशाची हद्द असते. मुदत संपली आणि बोलणी फिसकटली, की गाणे यादीत करडे होते. गाणे नष्ट झालेले नसते. ते ऐकवण्याची परवानगी संपलेली असते.

याचे ठळक उदाहरण आपल्याच देशातले आहे. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आले. त्यानंतर दोनच महिन्यांत सारेगामा, म्हणजे पूर्वीची ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, दिल्ली उच्च न्यायालयात गेली. परवाना नसताना आपली गाणी वाजवली जात आहेत, अशी तिची तक्रार होती. स्पॉटिफायने ती गाणी काढून टाकण्याचे मान्य केले. पुढे २०२० मध्ये दोघांचा करार झाला आणि गाणी आली. 'हिज मास्टर्स व्हॉइस'चा, म्हणजे आपल्या कितीतरी जुन्या मराठी ध्वनिमुद्रिकांचा, वारसा याच कंपनीकडे आहे. दोन कंपन्यांच्या वाटाघाटींत आपल्या आजीच्या आवडीचे पद असे अडकून पडू शकते. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणीही अशीच स्पॉटिफायवरून गेली होती.

दुसरा बदल अधिक खोल आहे. मार्च २०१४ मध्ये स्पॉटिफायने 'द एको नेस्ट' ही संगीताच्या विश्लेषणाचे काम करणारी अमेरिकी कंपनी विकत घेतली. जुलै २०१५ मध्ये 'डिस्कव्हर वीकली' सुरू झाले. दर सोमवारी प्रत्येक श्रोत्यासाठी ३० गाण्यांची वेगळी यादी. तिच्यामागचे एक महत्त्वाचे तत्त्व सोपे आहे. लाखो लोकांनी स्वतः केलेल्या याद्या पाहायच्या. दोन गाणी पुन्हापुन्हा एकाच यादीत शेजारी येत असतील, तर ती एकमेकांची नातलग समजायची. तुम्हाला एक आवडत असेल, तर दुसरे सुचवायचे. याने असंख्य लोकांना नवी गाणी मिळाली, हे मान्य करायला हवे. पण या पद्धतीत ज्या गाण्याला शेजारी नाहीत, ते कुणाला सुचवले जात नाही. बालगंधर्वांचे एखादे पद फार थोड्यांच्या याद्यांत असेल, तर यंत्राच्या दृष्टीने ते गाव सोडून राहणारे एकटे घर. ग्रंथालयात ते फडताळात तरी दिसले असते. आता पडद्यावर आधी सुचवण्या येतात आणि शोधायची चौकट मागे राहते.

तिसरा बदल पैशांचा. एका वेळच्या ऐकण्याला ठरावीक दर असतो, असा आपला समज असतो. तसे नाही. जमलेल्या उत्पन्नातला सुमारे दोनतृतीयांश भाग हक्कधारकांसाठी बाजूला पडतो आणि एकूण ऐकण्यातल्या वाट्यानुसार तो विभागला जातो. गाणे ३० सेकंद वाजले, तरच ते ऐकले असे धरतात. २०२४ पासून आणखी एक अट आली : आधीच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले गेले नसेल, तर त्या ध्वनिमुद्रणाला वाटाच नाही. नकली गाण्यांना आळा बसावा आणि चिल्लर रक्कम वाया जाऊ नये, अशी कारणे कंपनीने दिली. त्यांत तथ्य आहे. तरीही एखाद्या तालुक्याच्या गावातल्या कीर्तनकाराने चढवलेले ध्वनिमुद्रण आणि नकली आवाजांचा ढीग एकाच चाळणीतून खाली पडतात.

एप्रिल २०१८ मध्ये कंपनीचे समभाग न्यूयॉर्कच्या बाजारात आले आणि दर तिमाहीला वाढ दाखवणे भाग पडले. गाण्यांवरचे उत्पन्न जितके वाढेल, तितका हक्कधारकांचा वाटाही वाढणारच. म्हणून २०१९ पासून तिने पॉडकास्टवर मोठा खर्च केला. आणि म्हणूनच फुकट ऐकणाऱ्यांना सशुल्क करण्याचा आग्रह वाढला. भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये फुकट श्रोत्यांना गाणी हव्या त्या क्रमाने ऐकण्यावर बंधने आली. २०२५ मध्ये फुकट श्रोत्यांवरची काही बंधने पुन्हा सैलही झाली.

क्रम ही किरकोळ बाब वाटेल. पण 'गीतरामायण' आठवा. १९५५–५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक असे ५६ गीतांचे ते महाकाव्य क्रमाने उलगडले. ते उलटसुलट वाजवले, तर वनवास आधी आणि जन्म नंतर. क्रमाची ही तक्रार फक्त आपली नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ॲडेल या इंग्रज गायिकेच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचे, गाणी पिसून वाजवणारे मुख्य बटण बदलले आणि अल्बम क्रमाने वाजू लागला. मोठ्या कलावंताचे म्हणणे ऐकले गेले, हे चांगलेच झाले.

राहता राहिले ते वहीतले चार रकाने. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले. गाणे संपताना त्या स्वतःचे नाव इंग्रजीत सांगत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, तिथल्या लोकांना ओळख पटावी म्हणून, असे सांगितले जाते. माहिती गाण्यातच कोरलेली होती. आज ती गाण्यापासून सुटी झाली आहे. पडद्यावर ठळक दिसते ते गायकाचे नाव. स्पॉटिफायने २०१८ मध्ये गीतकारांची नावे दाखवायला सुरुवात केली, पण ती पाहायला तेव्हा गाण्याजवळच्या तीन टिंबांवर बोट ठेवावे लागे आणि हक्कधारकाने भरली असतील तरच ती दिसतात. भावगीत हा मुळात कवितेतून आलेला प्रकार. त्यात कवीचे नाव हरवणे म्हणजे निम्मे गाणे हरवणे.

अण्णांना मी हे सगळे जमेल तसे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे गाणी आपली नाहीत, भाड्याची आहेत. मग नोंद तरी आपली ठेवू." या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी वहीत पाचवा रकाना आखला. ॲपवर गाणे 'आहे' की 'नाही', आणि तारीख. बाकीचे चार रकाने शाईने लिहिलेले आहेत. हा पाचवा मात्र अण्णा पेन्सिलीने भरतात.