जुन्या मियाटाला नवे टायर

माझदाची दोन सीटची मियाटा 1989 मध्ये आली. तिच्या पहिल्या पिढीतल्या मूळ 14 इंची रिमवर 185/60 आर 14 मापाचा टायर बसतो. 185 म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी आणि 60 म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या 60 टक्के. हिशेब केला तर चाकाचा व्यास सुमारे 578 मिमी येतो, आणि जपायचा तो हाच. दुकानदार ‘195/60 घाला, रुबाबदार दिसेल’ म्हणेल. त्याने व्यास दोन टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटर 100 दाखवतो तेव्हा गाडी 102 ने पळत असते. शिवाय मूळ रिम जेमतेम साडेपाच इंच रुंद. त्यावर रुंद टायर फुगीर बसतो आणि वळणावर भिंत जास्त लवते. अशा हलक्या गाडीची मजाच मुळी वळणात आहे!

14 इंचात स्पोर्टी टायर आता कमीच मिळतात, म्हणून पडून राहिलेला जुना माल गळ्यात पडू शकतो. टायरच्या भिंतीवरच्या उत्पादन-कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही कोरी दिसो, इतका जुना टायर घेऊ नका.