खिडकीच्या गजांवरील गंज

बेंगळुरूच्या हवेचे कौतुक सर्वत्र होत असले, तरी घरातील लोखंडाला ती फारशी मानवत नाही. मे महिन्यातील वळवापासून थेट ऑक्टोबरपर्यंत पाऊस अधूनमधून हजेरी लावतो आणि खिडक्यांचे ग्रिल, गॅलरीचे कठडे, फाटके यांना नीट वाळण्यास उसंत मिळत नाही. लोखंड, पाणी व प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. तो मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून रंगाचा पापुद्रा सुटतो आणि गज जेथे भिंतीत रुतलेला असतो तेथील गिलाव्यालाही तडा जातो. प्रारंभ बहुधा खालच्या आडव्या पट्टीपासून व वेल्डिंगच्या सांध्यांपासून होतो. पाहणी तेथूनच करावी.

गंज काढणे अवघड नाही. अधिक काळजीची बाब आहे ती गंजाबरोबर खरवडल्या जाणाऱ्या जुन्या रंगाची, कारण त्यात शिसे असू शकते. बेंगळुरू येथील जॉर्ज फाउंडेशनने १९९९ मध्ये देशातील मोठ्या शहरांतील वीस हजारांहून अधिक लोकांच्या रक्ततपासणीचे निष्कर्ष मांडले. बारा वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमहून अधिक आढळले. त्या काळी शिसेयुक्त पेट्रोलचाही यात वाटा होता. ते २००० मध्ये बंद झाले. रंगांतील शिशाचा प्रश्न मात्र रेंगाळला. सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. तुप्पिल वेंकटेश यांनी तो वर्षानुवर्षे लावून धरला. अखेर घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग एवढी ठरविणारे नियम २०१६ मध्ये आले व नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वी रंगविलेल्या ग्रिलमध्ये शिसे आहे असे गृहीत धरूनच काम करणे शहाणपणाचे होय.

शिशाचा परिणाम बालकांच्या बुद्धीवर व वाढीवर होतो, आणि रांगणारे मूल जमिनीवरची धूळ हातांवाटे सहज तोंडात नेते. म्हणून गज कोरडे घासू नयेत. ग्राइंडर तर लावूच नये. खाली जुनी वर्तमानपत्रे अंथरावीत, गजांवर पाणी शिंपडावे आणि काळ्या वॉटरपेपरने ओलेच घासावे. घट्ट पापुद्र्यांसाठी तारेचा ब्रश वापरावा, पण तोही पृष्ठभाग ओला ठेवून. तोंडावर धूळरोधक मास्क असावा. लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांनी त्या दिवशी घरात न थांबलेलेच बरे. काम संपल्यावर केरसुणी न फिरवता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे, वर्तमानपत्रांची घडी करून बांधून टाकावी व अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत.

ओले लोखंड काही तासांतच पुन्हा तांबूस होऊ लागते. ते लगेच कोरडे पुसून त्याच दिवशी प्रायमर द्यावा. खाचांत उरलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्लयुक्त द्रावण लावल्यास त्याचे लोह फॉस्फेटच्या स्थिर थरात रूपांतर होते. शौचालय धुण्याचे ॲसिड मात्र वापरू नये. त्यातील क्लोराइड सांध्यांत राहते आणि नव्या रंगाखाली गंज पुन्हा डोके वर काढतो. कडी-कोयंड्यासारखे सुटे भाग चिंचेच्या कोळात भिजविले तरी पुरते.

प्रायमरविषयी एक खुलासा हवा. रेडऑक्साइड म्हणजे लोहाचे ऑक्साइड, आपल्या कावेचेच भावंड. पूर्वी लोखंडाला जो शेंदरी हात देत, तो बहुधा शिशाच्या ऑक्साइडचा असे; पारंपरिक शेंदूरही तोच. डब्यावरील ‘शिसेविरहित’ ही नोंद पाहूनच खरेदी करावी. प्रायमर वाळल्यावर ऑइलपेंटचे दोन पातळ हात द्यावेत. या कामास जानेवारी ते मार्च हा कोरडा काळ उत्तम.

बदलीच्या निमित्ताने बेंगळुरूस येणाऱ्या सहकाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. घर सोडताना अनामत रकमेतून महिन्याचे भाडे रंगकामासाठी कापून घेण्याची तेथे रीत आहे. त्यामुळे दोन भाडेकरूंच्या मधल्या काळात ग्रिल घाईने कोरडे घासले जातात. सामान व मुले नेण्यापूर्वीच हे काम उरकून घ्यावे आणि खिडक्यांच्या चौकटी व फरशी स्वतः ओल्या फडक्याने दोनदा पुसावी.

परदेशी मुलांकडे जाणाऱ्या ज्येष्ठ ग्राहकांनाही हेच लागू आहे. अमेरिकेत १९७८ पूर्वी बांधलेल्या घरांतील रेडिएटरवरही शिशाचा रंग असू शकतो. तेथेही रेडिएटर बंद करून, थंड झाल्यावर, ओलाच घासावा.