कोलेस्टेरॉल कमी आलं, म्हणजे चांगलं? सिरोसिसमध्ये जरा थांबा

अंधेरी असो की घाटकोपर, स्टेशनबाहेर पॅथॉलॉजी लॅब सापडतेच आणि लिपिड प्रोफाइल तिथली रोजची टेस्ट. एकूण कोलेस्टेरॉल 200 च्या आत दिसलं की घरचे निश्चिंत होतात. पण पेशंटला सिरोसिस असेल तर 110 हा आकडा आनंदाचा असेलच असं नाही. असं का, आणि यावर प्रबंध करायचा तर काय सांभाळायचं, ते आज बघू.

यकृताचा संबंध काय?

चरबी पाण्यात विरघळत नाही. रक्तातून तिची ने-आण करायला प्रथिनांची साथ लागते, म्हणजेच लिपोप्रोटीन. व्हीएलडीएल मुख्यतः यकृतात बनतं आणि त्यातूनच पुढे एलडीएल तयार होतं. एचडीएलचं मुख्य प्रथिन यकृत आणि आतडं बनवतात. रक्तात कोलेस्टेरॉलचं एस्टर करणारं एलकॅट हे एन्झाइमही यकृतातूनच येतं. सिरोसिसमध्ये कामाच्या पेशी कमी होतात, त्यांच्या जागी तंतुमय ऊती येते आणि उत्पादन घटतं. म्हणून आजार वाढतो तसं एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल आणि एचडीएल साधारणपणे खाली येतं.

इथे एक फरक लक्षात ठेवा. एएलटी-एएसटी पेशींना झालेली इजा दाखवतात. अल्ब्युमिन आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम यकृताची बनवण्याची क्षमता दाखवतात. लिपिड या दुसऱ्या गटात बसतात.

नेहमीचा प्रबंध आणि त्याची अडचण

चाइल्ड-प्यू स्कोअरमध्ये बिलिरुबिन, अल्ब्युमिन, प्रोथ्रॉम्बिन टाइम, पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम यांना गुण देतात. 5-6 म्हणजे ए, 7-9 बी, 10-15 सी. बहुतेक जण या तीन गटांचं सरासरी कोलेस्टेरॉल काढतात, सी गटात ते कमी येतं, पी-व्हॅल्यू छान येते आणि प्रबंध संपतो. पण हे तर अल्ब्युमिन आधीच सांगत होतं! खरा प्रश्न असा: चाइल्ड-प्यू किंवा मेल्ड स्कोअर माहीत असताना कोलेस्टेरॉल काही *जास्तीचं* सांगतं का? त्यासाठी पेशंटचा पुढचा काही काळ पाठपुरावा करावा लागतो. एका दिवसाचं रक्त पुरत नाही.

आकडा हलवणाऱ्या इतर गोष्टी

- स्टॅटिन चालू असेल तर एलडीएल त्यामुळेही कमी.
- कुपोषणानेही कोलेस्टेरॉल उतरतं, आणि सिरोसिसमध्ये कुपोषण बरंच दिसतं.
- दारूने ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल वाढू शकतं.
- मधुमेहात ट्रायग्लिसराइड वाढलेलं असू शकतं.
- पित्ताचा प्रवाह अडला असेल तर उलटंच, कोलेस्टेरॉल वाढतं.
- एलडीएल मोजलंय की फ्रीडवाल्डच्या 1972 च्या सूत्राने काढलंय, हे लॅबला विचारा. त्या सूत्रात ट्रायग्लिसराइडला 5 ने भागतात. सिरोसिसमध्ये लिपोप्रोटीनची घडणच बदलते, तेव्हा हा हिशोब चुकू शकतो.

पेशंट निवडण्याचे निकष लिहितानाच हे सगळं ठरवा. डेटा गोळा झाल्यावर स्टॅटिनची माहिती शोधत बसणं फार जड जातं.

निदर्शक की कारण?

हा प्रश्न यकृताच्या संशोधनात महाराष्ट्राला नवा नाही. लहान मुलांना होणाऱ्या इंडियन चाइल्डहुड सिरोसिसमध्ये यकृतात तांबं खूप सापडायचं. ते आजाराचा परिणाम की कारण? पुण्यात शीला भावे, आनंद पंडित आणि ब्रिटनचे टॅनर यांनी मुलांच्या दुधाची भांडी तपासली. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यांतून तांबं दुधात उतरत होतं. 1983 मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये आलं. तांबं निव्वळ निदर्शक मानून थांबले असते, तर भांडी बदलण्याचा सल्ला निघालाच नसता.

कोलेस्टेरॉलचं चित्र वेगळं आहे. सिरोसिसमध्ये ते कमी होणं हा बहुतांशी यकृताच्या घटलेल्या कामाचा परिणाम. त्यामुळे तूप-लोणी खाऊन आकडा वर नेला, तर यकृत सुधारलं असं होत नाही. गाईडकडे जाण्याआधी एका वाक्यात लिहून बघा: मी निदर्शक तपासतोय, भाकीत तपासतोय की कारण? तिन्हींसाठी अभ्यासाची रचना वेगळी लागते.